मी, दहा तबकड्यांचा बंद खोका

मी एक खोका बोलतोय. काळ्या कापडी पुठ्ठ्याचा, दणकट, जॅझ संगीताच्या दहा तबकड्या पोटात घेऊन बसलेला. बोलायला लागलोय खरा, पण परवापरवापर्यंत माझाच आवाज कसा आहे ते मला ठाऊक नव्हतं. हसू नका. तुमचा आवाज तुम्हाला जन्मतःच ऐकू येतो. माझं तसं नाही. मला कुणीतरी उघडावं लागतं, फिरवावं लागतं, वर सुई टेकवावी लागते.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. कढत, मऊ, काळा गोळा यंत्राखाली दाबला की तबकडी तयार. माझ्यातली गाणी मात्र माझ्यापेक्षा कितीतरी म्हातारी. फार वर्षांपूर्वी काही मैफली फक्त रेडिओसाठी वाजवल्या गेल्या होत्या. त्यांच्या फिती कुठल्याशा तळघरात पडून होत्या, त्या झाडूनपुसून पुन्हा बाहेर काढल्या. जुन्या रेकॉर्डी पुन्हा काढल्या तर शौकीन मंडळी त्यांना रीइश्यू म्हणतात; माझी गाणी तर पहिल्यांदाच तबकडीवर आली. शेवटी माझ्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवलं आणि मला जहाजात चढवलं.

नांदेडला पोचलो तेव्हा कुरिअरवाला धापा टाकत म्हणाला, "काका, फरश्या मागवल्या का काय?"

काका म्हणजे रेणुकादास. रेल्वेच्या विभागीय कार्यालयातून निवृत्त झालेले, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारे. त्यांनी मला दोन्ही हातांनी घेतलं, चारही कोपऱ्यांवरून बोट फिरवलं, आणि मग नाक लावून माझा वास घेतला. माणसं नवी वस्तू अशी का हुंगतात, हे मला अजून कळलेलं नाही.

"आला एकदाचा!" ते म्हणाले.

"आणखी एक?" आतून त्यांच्या पत्नीचा, प्रेमलाताईंचा आवाज आला. "ठेवणार कुठं? माझ्या माठावर?"

मला कपाटात जागा मिळाली. शेजारी माझ्याच जातीचे पंधरा-वीस खोके होते, पण ते सगळे उघडलेले, वाजलेले. मी वाट पाहू लागलो. आज उघडतील, उद्या उघडतील. रेणुकादास रोज संध्याकाळी यायचे, फलालीनच्या फडक्यानं मला पुसायचे, मागच्या बाजूची गाण्यांची यादी वाचायचे आणि शेजारचा खोका काढून वाजवायचे. माझ्या जिवाची नुसती उलघाल व्हायची.

तसं प्लास्टिक न काढण्याचं त्या घराला वावडं नव्हतं. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत, फ्रिजच्या दारावर कंपनीचं स्टिकर तसंच, जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्यांना अजून दुकानातलं आवरण. हे सगळं प्रेमलाताईंचं. रेणुकादास त्यांना त्यावरून चिडवायचे आणि लगेच वळून माझ्या प्लास्टिकवरची धूळ पुसायचे. त्यात काही विसंगत आहे, असं त्यांना कधी वाटलं नाही.

मग एक दिवस लातूरहून श्रीशैल आले. हे त्यांचे मित्र, कॉलेजात प्राध्यापक होते, त्यांनाही हाच नाद. दोघं भेटले की आधी एकमेकांच्या तब्येतीऐवजी एकमेकांच्या रेकॉर्डींची चौकशी करत. श्रीशैलनी मला पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अजून फोडला न्हाईस? वर्ष व्हायला आलं की रे! लोणचं घालून राहिलास का काय त्याचं?"

"फोडू की. निवांत फोडू."

"निवांतच हाईस की तू! दुसरं काय काम हाय तुला?"

रेणुकादासांनी मला कपाटातून काढून मांडीवर घेतलं. मग जे बोलले ते मी कान नसताना टवकारून ऐकलं. तरुणपणी ते बिलोलीला राहायचे. वडिलांच्या रेडिओवर काटा फिरवता फिरवता एकदा परदेशी स्टेशन लागलं. खरखर, शिट्ट्या, आणि मधूनच क्लॅरिनेटवर एक धून. आपल्या बँडपथकात वाजतं तेच क्लॅरिनेट, पण इतकं हळू वाजवलेलं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. निवेदकानं नाव सांगितलं नेमकं तेव्हाच खरखर वाढली. त्या एका धुनेपायी त्यांना जॅझचा नाद लागला. गावोगावचे विक्रेते धुंडाळले, मोबाईलवर शोधलं, खोक्यामागून खोके आणले. कुठंच ती नव्हती.

"रेडिओसाठी वाजवलेलं, दुसरीकडं कुठंच न निघालेलं असं आता हे एवढंच उरलंय," रेणुकादास माझ्यावर हात ठेवून म्हणाले. "यातही नसली तर, श्रीशैल? मग शोधायचं काय?"

श्रीशैलनी माझ्या मागची यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली. आणि मला तर भलतीच उत्सुकता लागली. आहे का ती माझ्यात? दहा तबकड्या, वीस बाजू, त्यात कुठं एखादं क्लॅरिनेट हळूच वाजत असेल का? स्वतःच्याच पोटात काय आहे ते ठाऊक नसणं फार अस्वस्थ करतं हो.

पण त्याहून मोठी काळजी मला पुढच्या महिन्यात कळली. रेणुकादासांचे कान चालले होते. डॉक्टरांनी सांगितलं, डावा जवळजवळ गेलाय, उजवाही हळूहळू जाणार, आणि बारीक, वरचे आवाज आधी जाणार. कानाचं मशीन आणलं, पण त्यातून संगीत पत्र्यावर खडे टाकल्यासारखं ऐकू यायचं. म्हणून ते डबीतच राहिलं. तरीही रेणुकादास मला उघडेनात. मला सांगता आलं असतं तर ओरडून सांगितलं असतं की अहो, धून नसण्याची भीती धरून बसलात, पण ती असून तुम्हालाच ऐकू आली नाही तर?

मी कुठला ओरडणार? काम केलं ते प्रेमलाताईंनी, तेही चुकून.

खंडेनवमीला घरातल्या साऱ्या हत्यारा-यंत्रांची पूजा असते. विळी, कात्री, शिवणयंत्र, स्कूटर, सगळं धुऊनपुसून मांडलं. रेणुकादास झेंडूची फुलं आणायला गेले होते. कपाटातला जड, काळा, चकचकीत खोका प्रेमलाताईंच्या नजरेला पडला. बाकीचे खोके रोज वाजताना दिसत, हा कधीच उघडलेला नाही, म्हणून त्यांना वाटलं, हेही नवऱ्याचं एखादं मशीनच. त्यांनी मला पाटावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, नमस्कार केला. मला आयुष्यात इतका मान कुणी दिला नव्हता.

रेणुकादास परतले आणि दारातच थबकले.

"अगं, हे काय करून राहिलीस? हे मशीन नाही! रेकॉर्डी आहेत त्यात!"

"असू द्या की. पूजा झाली आता."

"मग ठेवतो परत कपाटात."

"अजिबात नाही." प्रेमलाताई देगलूरच्या. त्यांच्या माहेरची रीत अशी की, नवमीला पुजलेली वस्तू त्या दिवशी वापरायची नाही, आणि दसऱ्याला वापरल्याशिवाय राहायचं नाही. "पुजलेलं बंद ठेवलं तर वर्षभर बंदच राहतं म्हणतात. उद्या लावा."

"अगं, पण..."

"एरवी तुमच्या कपाटात कधी हात घालते का मी? वर्षाचा सण आहे. लावा म्हणते ना."

त्या 'म्हणते ना'पुढं रेणुकादासांचं कधीच काही चालत नाही.

दसऱ्याच्या सकाळी विळीच्या टोकानं माझं प्लास्टिक कापलं गेलं. झाकण उघडलं. पहिली तबकडी फिरली, सुई टेकली, आणि मी पहिल्यांदा स्वतःला ऐकलं. ढोल म्हणावेत तर ढोल नाहीत, थाप म्हणावी तर ठेका सारखा निसटतोय, पियानो मध्येच थट्टा करतोय. हा मी? माझ्या अंगात इतकं हसू आहे याची मला कल्पनाच नव्हती.

रेणुकादास उजवा कान पुढे करून बसले होते. पहिली झाली, दुसरी, तिसरी. प्रेमलाताई स्वयंपाकघरात पुरण वाटत होत्या. चौथ्या तबकडीची दुसरी बाजू संपली तेव्हा रेणुकादासांनी मान हलवली आणि ती पाकिटात घालू लागले. "नाही. यातही नाही." त्यांचा चेहरा मला बघवेना.

"अहो," आतून आवाज आला, "काढलं का? मघाचं परत लावा ना. ते तुमचंच होतं की."

"माझं? माझं काय?"

प्रेमलाताई पुरणाचे हात तसेच घेऊन बाहेर आल्या. "दाढी करताना शीळ घालता ते! लग्न झाल्यापासून ऐकून राहिले मी. मागं ढोलकं वाजत होतं, त्याच्या मागं बारीक आवाजात होतं बघा. तुम्हाला नाही आलं ऐकू?"

रेणुकादासांनी तबकडी पुन्हा चढवली, सुई टेकवली. मी जीव तोडून वाजलो. त्यांना ढोल आला, पियानो आला. क्लॅरिनेट त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. मला फार वाईट वाटलं. वर्षापूर्वी उघडलं असतं तर कदाचित पोचलं असतं.

मग ज्या बाईनं उभा जन्म माझ्या जातीच्या संगीताला नाक मुरडलं, ती त्यांच्या उजव्या कानाशी वाकली आणि क्लॅरिनेटच्या बरोबरीनं ती धून गुणगुणू लागली. जशीच्या तशी. कुठं थांबायचं, कुठं घसरायचं, सगळं पाठ.

"हीच," रेणुकादास म्हणाले. "प्रेमा, हीच ती." आणि दसऱ्याच्या सकाळी ते लहान मुलासारखे रडले.

हल्ली मी कपाटात नसतो, जेवणाच्या टेबलावर असतो. कोपरे दबले, झाकणाला पुरणाचा डाग पडलाय, आणि श्रीशैल मला बघून हळहळतात. मला त्याचं काही नाही. वाचकहो, तुमच्याही घरात कुणी माझ्यासारखा प्लास्टिकमध्ये वाट बघत असेल, तर एवढं माझं ऐका, त्याला आजच उघडा. आम्ही आणखी शंभर वर्षं थांबू, पण तुमचे कान थांबत नाहीत.

रोज संध्याकाळी चौथी तबकडी लागते. रेणुकादास आता माझ्याकडं बघतच नाहीत. ते प्रेमलाताईंच्या ओठांकडं बघत बसतात, आणि ते हलले की डोळे मिटतात.