लाल चकतीवरचा सहा

गळ्यातली चकती उलटी बसली होती. नंबर आत, छातीकडे. बाहेर नुसता गुळगुळीत लाल पुठ्ठा. पंपाच्या गार पाण्याने मान धुताना ओस्ताप कुझिक तिला डाव्या अंगठ्याने तशीच दाबून धरत होता, आणि हे आपण करतो आहोत हे त्याच्या ध्यानात आलं ते पाणी पाठीवरून विजारीत उतरल्यावर... एका हाताने कोण मान धुतं? मागे त्याच्याच पलटणीतला गार्नेट उभा होता, खांद्यावर टॉवेल, ओठात न पेटवलेली सिगारेट.

"लग्नाला नाही निघालास, लेका. कालवा ओलांडायचाय फक्त. आटप."

कालवा शेताच्या टोकाला होता. इथून त्याचा बांध तेवढा दिसत होता आणि बांधापलीकडे जर्मन होते. संध्याकाळी होड्या यायच्या होत्या, खांद्यावरून पाण्यापर्यंत वाहून न्यायच्या. तोवर कंपनीला काम नव्हतं. बंदूक पुसा, पायमोजे वाळवा, झोप येत असेल तर गोठ्यात झोपा. घरातली डच बाई साखरेचं बीट उकडत होती. तो वास ओळखीचाही होता आणि नव्हताही — कॅनडात, सस्कॅचेवानमधल्या घरी, आईच्या बीटच्या सुपाला आंबूस धार असायची, हा नुसता गोड, मातकट.

गळ्यात प्रत्येकाच्या दोन चकत्या. हिरवी प्रेताबरोबर राहते, लाल कापून कचेरीत जाते. सक्तीने आणलेल्यांचा नंबर सहापासून सुरू होतो, आपणहून सही केलेल्यांचा होत नाही. कॅनडात स्वयंसेवकाच्या बाहीवर बिल्ला असे, आणि ज्याची बाही मोकळी त्याला दुकानदारसुद्धा सुटे पैसे हातात न देता फळीवर ठेवून देई. समुद्र ओलांडल्यावर सगळ्यांच्या बाह्या सारख्या झाल्या. सहा तेवढा उरला. ज्याला माहीत आहे त्याला तो पुरे.

पलटणीत आला त्या पहिल्या दिवशी, खंदक खणता खणता, गार्नेटने ऑर्व्हिलबद्दल सांगितलं होतं. ऑर्व्हिल त्याचा धाकटा भाऊ. मागच्या शरदात, शेल्ट नदीच्या मुखाशी बुडालेल्या शेतांत, अर्ध्या कंपनीनिशी लढताना गेला. जखम भरायच्या आत त्याला परत पुढे पाठवलं होतं, कारण जागा घ्यायला माणसं नव्हती. "माणसं होती की," गार्नेट म्हणाला होता, फावडं न थांबवता, "ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरात बसून पत्ते कुटत होते झॉम्बी." झॉम्बी म्हणजे चालती प्रेतं, सही न करणाऱ्यांना सगळा देश हेच म्हणे. मग त्याने सहज विचारलं, "तू कधी सही केलीस?" आणि ओस्ताप तितक्याच सहज म्हणाला, "बेचाळीसला. रेजायनात."

पत्ते नव्हते, ओस्ताप मनातल्या मनात म्हणे. मी होतो तिथे... बर्फ होतं, आणि रोज सकाळी कवायतीनंतर कर्नल म्हणायचा, ज्यांना लढाईला जायचंय त्यांनी एक पाऊल पुढे या. रांग विरळ होत गेली. मी उभा. भित्रा म्हणून नव्हे — म्हणजे भीती होतीच, पण पाय धरून ठेवला होता तो बाबांनी. पहिल्या महायुद्धात, शत्रूच्या, ऑस्ट्रियाच्या राज्यातून आलेला माणूस म्हणून याच देशाने त्यांना काटेरी तारेच्या आत ठेवलं होतं, अशाच डोंगरात, झाडं तोडायला. "त्यांनी नोंदणीचा कागद पुढे केला, मी इमानाने सही केली," ते सांगत, "आणि त्या सहीचा माग काढत आले." मला निरोप देताना एवढंच म्हणाले: नेलं तर जा. पळू नकोस. पण तुझ्या हाताने सही करू नकोस. नेलं. आलो. पळालो नाही, पुष्कळ जण पळाले. हे गार्नेटला कुठून सुरू करून सांगायचं? ऑर्व्हिलच्या आधीपासून की नंतरपासून?

दुपारी दोघं भिंतीला टेकून डब्यातलं मांस खात होते. बाईने बीटच्या फोडी आणून ठेवल्या होत्या.

"ऐक," गार्नेट म्हणाला. "ऑर्व्हिलची चकती कुणी कापली, आम्हाला माहीतच नाही. आई अजून तेच विचारते. तर मला काही झालं तर माझी तू काप. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस. तुझी मी कापीन."

"काही होत नाही."

"नाहीच होत. तरी. आणि तुझ्या आईला मी लिहीन. त्यांना इंग्रजी येतं?"

"नाही. बहीण वाचून दाखवेल."

"मग बहिणीलाच लिहितो. दिसायला कशी आहे?"

"माझ्यासारखी."

"मग आईलाच लिहितो."

ओस्ताप हसला. हसता हसता त्याला दिसलं — गार्नेट चिखलात गुडघे टेकून बसला आहे, हातात सुरी, लाल चकती बोटांत उलटी करतो आहे... जगलो तर खोटं टिकेल, मेलो तर तो नंबर वाचेल. वाचून कापेल की तसाच उठेल? आईला काय लिहील? आणि उलट झालं तर, गार्नेटच गेला तर, मग सांगायला कुणी उरणारच नाही... हा विचार आला आणि अंग एकदम हलकं झालं, ओझं उतरवल्यासारखं. ते हलकेपण त्याने स्वतःच पकडलं. बीटचा घास तोंडात तसाच राहिला, चाववेना, थुंकवेना. शेजारी गार्नेट डबा पावाने पुसून घेत होता.

सार्जंट मॅकआयझॅक होड्यांसाठी माणसांच्या जोड्या लावत आला. "तुम्ही दोघं दुसऱ्या होडीत. बी कंपनीत दोन झॉम्बी आलेत म्हणे. मी असतो तर सगळ्यात पुढे बसवले असते."

"बसू देत की," गार्नेट म्हणाला. "वल्हं तर मारतील."

तो हसून म्हणाला की नुसता म्हणाला, ओस्तापला ठरवता येईना.

ऊन भिंतीवरून उतरलं. गार्नेटने सुरी विजारीवर पुसली. "चकतीची दोरी दाखव तुझी. गाठ सैल असली तर पाण्यात सुटेल, मग मी कापू काय?"

ओस्तापने दोरी सदऱ्याबाहेर ओढली. लाल चकती हवेत गिरकी घेऊन नंबर बाहेर करून थांबली. अंगठा सवयीने उचलला गेला, आणि त्याने तो परत गुडघ्यावर ठेवला. तिथेच दाबून धरला. गार्नेट वाकला. त्याच्या श्वासाला मांसाचा वास होता. त्याने गाठ फिरवली, ओढली, आणि जरा वेळ — गाठीला लागतो तेवढा, किंवा थोडा जास्त — खाली बघत राहिला.

"घट्ट आहे," तो म्हणाला, आणि सकाळपासून ओठात खेळवलेली सिगारेट त्याने आता पेटवली. दोन झुरके घेतले. मग शेतापलीकडच्या बांधाकडे बघत बसला. सिगारेट नेहमीसारखी पुढे करील, म्हणून ओस्ताप वाट पाहत राहिला. तीन बोटं सिगारेट अजून शिल्लक होती.

होड्यांच्या गाड्यांचा आवाज आला. गोठ्यातली माणसं उठून पट्टे आवळू लागली. ओस्तापही उठला. चकती त्याने आत सारली नाही. चालताना ती बटणांवर आपटत होती, बांधाकडून वारा येत होता, आणि त्याला भीती वाटू लागली होती... पाण्याची, गोळीची, पुढे चाललेल्या गार्नेटच्या पाठीला काही होईल याची. इतके दिवस या भीतीवर त्या नंबराची भीती बसलेली होती.