पांढरी पट्टी

सिस्टर आत आल्या आणि नर्सेसच्या खोलीतलं बोलणं एकदम थांबलं. कुणीतरी उगाचच म्हणालं, "आज फार उकडतंय, नाही?"

सिस्टरनी मान हलवली आणि कोपऱ्यात बसून डबा उघडला. सत्तावीस वर्षं त्या या हॉस्पिटलात होत्या. त्यातली शेवटची नऊ ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करण्याच्या खोलीत गेली. तिथलं वाफेचं यंत्र नीट तापेनासं झालं होतं. हत्यारांच्या पुडक्यांवरच्या रेघा पुरेशा तापल्या की काळ्या होतात. त्या फिकटच राहायला लागल्या. तीनदा सांगूनही सुपरिंटेंडेंट साहेबांनी दुरुस्ती लांबवली. मग एके सकाळी टेक्निशियन मार्करने रेघा काळ्या करताना दिसला. त्या महिन्यात तिघांचे टाके पिकले, एक बाळंतीण जेमतेम वाचली.

सिस्टरनी आरोग्य खात्याकडे तक्रार केली. कायद्याने नाव गुप्त राहणार होतं. तरी पंधरा दिवसांत त्यांना जुन्या केसपेपरांच्या खोलीत टाकलं.

साहेबांना कुणी सांगितलं? माहीत दोघांनाच होतं, नवऱ्याला आणि ट्रेनिंगपासूनच्या मैत्रिणीला, माईला.

"माईच असणार," घरी त्या नवऱ्याला म्हणाल्या. "परवा साहेबांच्या केबिनमधून हसत बाहेर येत होती."

"अगं, रजा मागायला गेली असेल."

"तुम्ही नाही ना कुठे बोललात?"

नवऱ्याने घास तसाच हातात धरला. "आता माझ्यावर पण?"

दुसऱ्या दिवशी माईने जिन्यात गाठलं. "काय गं, टाळतेस की काय मला?"

"काम असतं," सिस्टर म्हणाल्या आणि दोन-दोन पायऱ्या उतरत सुटल्या. त्या दिवसापासून त्या माईकडे पाठ करून जेवू लागल्या.

महिन्याभराने चौकशी अधिकारी आले. सगळ्यांना एकत्र बसवून साहेब म्हणाले, "असलं काही इथे घडत नाही. कुणाला काही सांगायचंय?"

सगळ्यांच्या नजरा जमिनीवर. सिस्टरही मान खाली घालून बसून राहिल्या.

"मला सांगायचंय," माई उभी राहिली. "रेघा मार्करने रंगवतात. मी पाहिलंय. त्या बाळंतिणीच्या वेळी टेबलापाशी मीच होते."

नंतर एकेकाला आत बोलावलं. अधिकाऱ्यांच्या फाइलमध्ये सिस्टरना आपला अर्ज दिसला. नावावर पातळ पांढरी पट्टी चिकटवली होती आणि तिच्याखालून नाव सरळ वाचता येत होतं.

"हा असाच साहेबांकडे गेला होता?"

"खुलासा मागवायचा तर पाठवावाच लागतो," अधिकारी म्हणाले. "नाव झाकलंय की."

यंत्र नवीन आलं. टेक्निशियन घरी बसला, साहेबांना नुसती ताकीद मिळाली. माईची बदली मात्र दूरच्या दवाखान्यात झाली.

सिस्टर तिच्या घरी गेल्या, तेव्हा ती बॅग भरत होती.

"मला वाटलं, तू सांगितलंस," सिस्टर कशाबशा म्हणाल्या.

"कळलं होतं मला." माईने साडीची घडी पुन्हा मोडून घातली. "तोंडावर विचारायचं तरी."

"ही बदली थांबवता येते. साक्ष देणाऱ्यालाही कायद्याचं संरक्षण आहे. मी अर्ज करते, उघड, माझ्या नावाने."

"तुझी मर्जी."

सिस्टरनी अर्ज केला. चार सुनावण्यांना रजा टाकून गेल्या, सगळ्यांसमोर उभ्या राहून बोलल्या. साहेबांच्या वकिलाने खोटारडी म्हटलं, तरी हटल्या नाहीत. पाच महिन्यांनी बदली रद्द झाली.

माई परत रुजू झाली त्या सकाळी सिस्टर दारापाशीच थांबल्या होत्या. माई आली, हसली, दोन्ही हात जोडले.

"तुम्ही फार त्रास घेतलात, सिस्टर," ती म्हणाली आणि ड्यूटीवर निघून गेली.