वेशीवरची चाल

वाहिदची सनई ऐकून डोळे पुसणाऱ्या बाया मावळात पुष्कळ होत्या, आणि त्याचा वाहिदला भारी गर्व होता. खोटं कशाला बोलू? लग्न असो, उरूस असो, लोणावळ्याच्या आसपास वाजंत्री म्हटलं की वाहिद, आणि त्याच्या जोडीला कुरवंड्याच्या वाटेवरच्या वाडीतला नवसू ढोलकरी, हे ठरलेलंच.

जर्मनबरोबरची मोठी लढाई संपली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात दोघांना आणखी एक काम लागलं. समुद्रापार बसऱ्याकडं सरकारच्या हमाल पलटणीत ओझी वाहायला गेलेलं गावचं पोर परत आलं, की वेशीवर सनई-ढोल लावून त्याला आत आणायचं. त्याची एक ठरावीक चाल होती. ती कानावर पडली की आईनं हातातलं काम टाकून भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन धावायचं, लेकावरून ओवाळून टाकायचं, मगच त्याला घराकडं न्यायचं. दुसऱ्या कशाला ती चाल वाजवत नसत.

नवसूच्या वाडीतली हिरीमावशी मात्र अजून वाट बघत होती. तिचा शिदू गेला तो गेलाच. बरोबरचे म्हणाले, तापानं गेला, आमीच पुरला. मावशीनं ते कानाआड केलं. "दुसरा कुनी आसंल," म्हणाली.

तेवढ्यात अफगाण सरहद्दीवर नवी लढाई पेटली आणि भरतीवाले पुन्हा खेडोपाडी फिरू लागले. लोणावळ्यातल्या एका वकिलांना याची चीड आली. वाडीखालच्या माळावर त्यांनी जलसा ठेवला. मेलेल्यांच्या बायकापोरांसाठी मदत गोळा करायची आणि लोकांना सांगायचं, आता एकही पोर देऊ नका. भजनी मंडळी, शाहीर, वाहिद, नवसू, सगळे फुकट वाजवायला तयार झाले.

"हिरीमावशीला कळू द्यायचं न्हाई," नवसू म्हणाला. "मेलेल्यांसाठी जलसा हाय, आसं तिला कुठल्या तोंडानं सांगू? वाडीत मी कुनालाच बोललो न्हाई."

वाहिदलाही ते पटलं. माळावरचा आवाज वाडीत जातो हे त्या दोघा शहाण्यांना ठाऊक नव्हतं थोडंच! पण ढोल काय, रोजच कुठंतरी वाजतो. म्हातारी कशाला येतेय?

ऊन कलल्यावर जलसा सुरू झाला. बंगल्यांवर हवा खायला आलेली पुण्या-मुंबईची मंडळी खुर्च्यांवर, आसपासच्या गावांतले लोक खाली जमिनीवर. शाहिरानं रडवलं, वकिलांनी आणखी रडवलं, आणि मग लोक जांभया द्यायला लागले. वकील वाहिदच्या कानाशी लागले, "अहो, जरा जान येईल असं काहीतरी वाजवा. लोक उठायला लागलेत."

झालं. असल्या माणसाला एवढं पुरतं. उठलेल्यांना खाली बसवणारी एकच चाल वाहिदच्या बोटांत होती, वेशीवरची. ती त्यानं उचलली. नवसूनं दचकून त्याच्याकडं पाहिलं, पण त्याचे हात सवयीनं पडायचे ते पडलेच. सगळा माळ सावरून बसला. वाहिदनं डोळे मिटले आणि फुंकत राहिला.

डोळे उघडले तेव्हा समोर हिरीमावशी उभी होती.

अंगावर ठेवणीतलं लुगडं, एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. धावत आल्यानं तिला धाप लागली होती. वाहिदच्या हातातून सनई निसटली. 

"कुटं हाय?" तिनं विचारलं. ती वाजंत्र्यांच्या मागं जाऊन बघून आली. एकेकाच्या तोंडाकडं बघत फिरली. "आरं नवसू, कुटं बसवलाय त्येला? हाक मार की."

नवसूनं मान खाली घातली.  मग बोलणं वाहिदवरच आलं.

"मावशी," तो म्हणाला, "शिदू आला न्हाई. म्या उगाच वाजवलं."

पण तो बोलत असतानाच खुर्च्यांवरून टाळ्या पडल्या. त्या मंडळींना वाटलं, हा जलशातलाच प्रवेश. काय काम केलं म्हातारीनं, म्हणत माणसं उठून उभी राहिली. त्यांचं बघून लांबच्या गावचे लोकही टाळ्या पिटायला लागले. वाहिद वेड्यासारखा हात हलवत सगळ्यांना थांबवायला लागला, तर त्यांना तेही कामातलंच वाटलं. वकीलसुद्धा डोळे पुसत टाळ्या वाजवत होते.

त्या गोंगाटात मावशीला वाहिदचं बोलणं ऐकूच गेलं नव्हतं. एवढी मोठाली माणसं उभी राहून टाळ्या वाजवतायत, म्हणजे लेक आलाच, असं तिनं धरलं. ती हसली. पदर सारखा केला आणि भाकरतुकडा वर धरून उभी राहिली.

टाळ्या थांबल्या. वाहिदला तेच पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं.