निवृत्तीबद्दल आभार

"मॅडम, मी निवृत्त कधी झाले हो?"

कडेवर आठ महिन्यांची लेक, हातात पत्र आणि प्रश्न हा असा! राष्ट्रीय महिला संघाची गोलरक्षक फुटबॉल महासंघाच्या अध्यक्षबाईंच्या टेबलासमोर उभी होती. बाईंना आधी वाटलं, पोरगी थट्टा करतेय. मग त्यांनी पत्र वाचलं. ‘आपल्या प्रदीर्घ सेवेबद्दल महासंघ आपला ऋणी आहे. निवृत्तीनंतरचे आयुष्य सुखाचे जावो.’ खाली सही बाईंचीच, चांगली ठसठशीत.

"अगं, हे मी नाही पाठवलं!"

"सही तर तुमचीच आहे."

नोंदणी बघणाऱ्या काकांना बोलावणं गेलं. काका चष्मा पुसत आले. "वर्षभर एकही सामना नाही, की नाव आपोआप गळतं आणि तुमच्या छापील सहीचं पत्र जातं. तुम्हीच नाही का मॅडम हा नियम केलात?"

केला होता खरा. तीन वर्षांपूर्वी बाई अध्यक्ष झाल्या तेव्हा यादीत साठीचे आजोबा अजून ‘आघाडीचे खेळाडू’ होते, एकदोघे तर देवाघरी जाऊनही खेळतच होते. तो सगळा केर काढल्याचं बाईंना कोण कौतुक! पत्राचा मजकूरही त्यांनी स्वतः बसून लिहिला, नुसतं नाव गाळणं बरं दिसत नाही म्हणून. बाळंतपणात बाईचं वर्ष सहज जातं, हे दोन लेकरांच्या आईच्या डोक्यात येऊ नये? बाईंना स्वतःचीच भयंकर चीड आली.

रविवारी पात्रता सामना होता. संघाची यादी पाचच्या आत जायची होती आणि निवृत्त खेळाडूचं नाव त्यात चालत नव्हतं.

"बाळ तीन महिन्यांचं झाल्यापासून सराव करतेय मी," गोलरक्षक म्हणाली. "मला खेळायचंय, मॅडम."

नशीब एवढंच, की कार्यकारिणीची बैठक तीनला ठरलेलीच होती. उपाध्यक्षांनी ऐकून घेतलं आणि ते खुर्चीत मागे रेलले. "नियम म्हणजे नियम. वाक्य तुमचंच आहे, बाई."

"माझंच. आणि चूकही माझीच. पोर झालं म्हणजे खेळ संपला, असं मी लेखी देऊन बसलेय. पण तेव्हा तुम्ही नऊच्या नऊ जणांनी हात वर केले होते. आता नियम बदलायला तेच हात जरा पुन्हा वर करा."

कुणी छताकडे बघितलं, कुणी कागद चाळले. तेवढ्यात बाहेर बाळाने असं काही भोकाड पसरलं, की खिडकीच्या काचा थरथराव्यात.

"आईचा गळा घेतलाय," उपाध्यक्ष हसू दाबत म्हणाले. "गोलमधून ओरडायची तेव्हा प्रेक्षकसुद्धा जागेवर उभे राहायचे." आणि पहिला हात त्यांचाच वर गेला.

पावणेपाचला यादी गेली. गोलरक्षक डोळे पुसत, लेकीचे पापे घेत बाहेर पडली. काका टेबल आवरायला लागले, तसं बाईंनी विचारलं, "काका, अशी पत्रं आणखी कितीजणींना गेली?"

काकांनी मान खाली घालून कागद पुढे केला. एकेचाळीस नावं होती. त्यांनी पहिलाच नंबर फिरवला. उजव्या बाजूने सुसाट धावणारी एक पोरगी होती, तिचा.

"मुलगा दीड वर्षाचा झाला, मॅडम!" ती खूश होऊन सांगत होती.

"मग परत का नाही आलीस गं?"

"तुमचं पत्र आलं ना. इतकं गोड लिहिलं होतं! मॅडम स्वतः म्हणतायत म्हटल्यावर वाटलं, संपलंच आपलं. त्याच दिवशी बूट देऊन टाकले नणंदेच्या मुलीला."

बाईंनी डोळ्यांना पदर लावला, पेन उचललं आणि विचारलं, "पायाचा नंबर काय गं तुझा?"