दिवा पिणारं टाकं

"पी!" महाराज गरजले आणि दिवा विझला.

स्वयंपाकघरात दाटीवाटीने उभ्या असलेल्या गल्लीने श्वास रोखला. मग एकाने हात जोडले, ते पाहून दुसऱ्याने जोडले, आणि बघता बघता सगळ्यांचे जोडले गेले. जमिनीत उघडलेल्या भोकाच्या काठावर महाराज मांडी घालून बसले होते. हातात लांब दोरी, दोरीला टांगलेला पितळी दिवा. अर्ध्या वाटेपर्यंत दिवा छान जळायचा. मग महाराज डोळे मिटायचे, गरजायचे, दोरी आणखी थोडी सोडायचे, की खालच्या अंधारात ज्योत गप्प.

"खाली रखवालदार आहे," महाराज म्हणाले. "तहानलेला आहे. ज्योत पितो. आणि मला सांगा, जिथे काहीच नाही तिथे रखवालदार कशाला बसेल? रिकाम्या दुकानाला कोणी कुलूप लावतं का?"

"छे, छे," निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले. महाराजांना शोधून आणणारे तेच, त्यामुळे हा चमत्कार अर्धा आपल्याच मालकीचा असल्यासारखे ते वावरत होते.

फ्रिजला टेकून उभी असलेली ताई हे सगळं बघत होती आणि तिच्या पायाला स्वस्थता नव्हती. घरमालकाची ही मोठी बहीण एका इस्पितळात भूलतज्ज्ञ होती. माणसांना बेशुद्ध करायचं आणि नीट शुद्धीवर आणायचं, हे तिचं रोजचं काम. इथे अख्खी गल्ली बेशुद्ध झाली होती आणि शुद्धीवर आणायचं कोणी मनावर घेत नव्हतं.

या सगळ्याचं मूळ तिचा धाकटा भाऊ. त्याने शहराच्या जुन्या भागात हे घर घेतलं आणि दुरुस्तीही स्वतःच काढली. हातात छिन्नी आली की तो स्वतःला गवंडी, प्लंबर, सुतार, सगळंच समजायचा. सिंकखालची फरशी खचली होती म्हणून त्याने ती उकरली, तर खाली दगडी झाकण. झाकण सरकवलं, तर खाली विटांनी बांधलेलं खोल टाकं. नळ येण्यापूर्वीच्या काळातलं, कोणीतरी वर फरशी घालून विसरून गेलेलं. तळाशी काळा गाळ होता, त्यातून मधूनच बुडबुडे यायचे आणि एक आंबूस गोड वास वर यायचा. शहाण्या माणसाने इथे जाणकार मिस्त्री बोलावला असता. धाकट्याने पोस्टमास्तरांना बोलावलं.

"उद्या सकाळी घरातलं सोनं गाठोड्यात बांधून माझ्या हाती द्या," महाराज सांगत होते. "सोनं सोन्याला ओढतं. मग मालकाने एकट्याने खाली उतरायचं. कमरेला दोर बांधायचा नाही, रखवालदाराला संशय आवडत नाही."

"महाराज, तुम्हीच का नाही उतरत?" ताईने विचारलं. "तुमची तर त्याच्याशी चांगली ओळख दिसते."

"आम्ही नुसते मध्यस्थ, बाई."

"म्हणजे घरांचे एजंट असतात तसे."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. पोस्टमास्तरांनी वळून डोळे वटारले.

ताईच्या नजरेने एक गोष्ट मात्र टिपली होती. महाराजांच्या दोरीला मध्येच लाल दोऱ्याची खूण बांधलेली होती. ती खूण काठाच्या वर असेपर्यंत दिवा जळायचा. खूण काठाखाली सरकायची वेळ आली, की बरोबर तेव्हाच महाराजांना गरजण्याचा उमाळा यायचा. म्हणजे ज्योत कुठे विझते हे त्यांनी आधीच बघून ठेवलं होतं.

"ती लाल खूण पाहिलीस?" तिने धाकट्याच्या कानात विचारलं.

"पाहिली," तो म्हणाला आणि त्याचे डोळे चमकले. ही चमक तिला त्याच्या लहानपणापासून माहीत होती. ती दिसली की घरातलं काही ना काही फुटायचं.

मंडळी जेवायला पांगली. भावजयीने चहा पुढे केला, पण ताईला एका जागी बसवेना. तो वास तिच्या नाकातून जात नव्हता. कप तसाच ठेवून ती भिंतीला भिंत लागून असलेल्या बेकरीत गेली. दारातच तोच वास तिच्या अंगावर आला.

"पीठ आंबवायच्या टाक्या धुतो ना, त्याचा वास आहे," बेकरीवाला म्हणाला. कोपरापर्यंत त्याचे हात पिठाने माखले होते. "ते पाणी दुपारी मोरीत सोडतो."

"आणि मोरीतून कुठे जातं?"

"कुठे म्हणजे? जातं." त्याने डोकं खाजवलं. "खरं सांगू का ताई, आधी मोरी रोज तुंबायची. तुमच्या धाकट्याने खोदकाम काढल्यापासून मात्र सगळं गटागट जातंय. मी त्याला पावसुद्धा पाठवले."

ताईने लगेच विचारलं, "आज पाणी सोडलं?"

"हे काय, मघाशीच."

ती धावतच निघाली. काहीतरी बिनसलंय एवढं ओळखून बेकरीवालाही तिच्या मागे आला.

स्वयंपाकघरात भावजय एकटीच होती आणि टाक्यात तोंड घालून नवऱ्याला हाका मारत होती. टाक्यात शिडी लावलेली. शिडीवर, काठाच्या जरासाच खाली, धाकटा होता. एक हात पायरीत अडकलेला, मान लुळी, हातातली टॉर्च केव्हाच खाली पडलेली.

"हे म्हणाले, लाल खुणेच्या खोलीपर्यंत दिवा जळतो, म्हणजे तिथवर काही होत नाही," भावजय रडत सांगू लागली. "म्हणाले, तेवढंच उतरून बघतो. महाराजांना सोनं द्यायलाच नको." बोलता बोलता तिने शिडीवर पाय टाकलासुद्धा.

ताईने तिला कमरेला धरून मागे खेचलं. "उतरू नकोस! तू गेलीस तर दोघांना काढावं लागेल!"

"मरतील हो ते!"

"वरून ओढायचं. श्वास रोखून धरा आणि ओढा!"

बेकरीवाला जमिनीवर पालथा पडला आणि त्याने धाकट्याची कॉलर पकडली. ताईने त्याचं मनगट धरलं. सदरा टर्रकन फाटला, भावजयीने दुसरी बगल धरली, आणि तिघांनी मिळून त्याला पोत्यासारखं वर घेऊन अंगणात आणलं. ताईने त्याची हनुवटी वर उचलली. हात सवयीने चालत होते, पण हा रोजचा रुग्ण नव्हता. हा तिचा भाऊ होता. मग त्याला जोराचा ठसका लागला, त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, "पण मी खुणेच्या वरच होतो."

ताईने आधी त्याच्या थोबाडीत दिली आणि मग त्याचं डोकं छातीशी धरून रडली.

आरडाओरडा ऐकून गल्ली पुन्हा जमली. महाराजही आले. अंगणात पडलेला मालक पाहिला आणि त्यांची जीभ सुटली. "बघितलंत? न विचारता उतरला. रखवालदार पिणारच होता त्याला! मी तिकडे मंत्र म्हणत होतो म्हणून सोडला."

ताई डोळे पुसत उठली. तिने आत जाऊन सगळ्या खिडक्या उघडल्या. ओट्यावर एक खोल पातेलं ठेवून त्यात मेणबत्त्या उभ्या करून पेटवल्या. मग बादलीला दोरी बांधून ती टाक्यात सोडली आणि अलगद वर काढली.

"पोस्टमास्तर, काय आहे बादलीत?"

पोस्टमास्तर डोकावले. "काही नाही. रिकामी आहे."

तिने ती रिकामी बादली पातेल्यावर कलती केली, पाणी ओतावं तशी. एकेक करत मेणबत्त्या विझल्या. कोणी फुंकर मारली नव्हती की कोणी गरजलं नव्हतं.

"हा तुमचा रखवालदार," ताई म्हणाली. "बादलीत मावतो. याला कार्बन डायऑक्साइड म्हणतात. पीठ आंबलं की हा निघतो, पाव फुगतो तो याच्यामुळे. खोदताना मोरीचा पाइप फुटला आणि बेकरीचं पाणी टाक्यात उतरायला लागलं. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून खाली साचून राहतो. त्यात ज्योत जळत नाही आणि माणूसही जगत नाही. सकाळी तो लाल खुणेपर्यंत होता. दुपारी नवं पाणी आलं आणि तो वर चढला."

"बाईच्या हाताने रखवालदार रुसला," महाराज पुटपुटले.

"मग तुमच्या हाताने बघू."

बेकरीवाल्याने मोरी बंद केली आणि भट्टीचा ब्लोअर आणून त्याचा लांब पाइप टाक्याच्या तळाशी सोडला. सगळ्यांना बाहेर काढून ब्लोअर बराच वेळ चालू ठेवला. मग ताईने पेटता दिवा महाराजांच्या हातात दिला. गल्ली बघत असताना नाही म्हणायची सोय नव्हती.

लाल खूण काठाशी आली. "पी!" महाराज गरजले. दिवा जळत राहिला.

"पी!" दोरी आणखी सुटली. "अरे पी! पी म्हणतो ना!"

दिवा मजेत जळत तळाशी पोचला. त्याच्या उजेडात सगळं लख्ख दिसलं. काळा गाळ, मोरीच्या पाइपचा फुटका तुकडा आणि धाकट्याची टॉर्च.

"महाराज," पोस्टमास्तर हळूच म्हणाले, "त्याची तहान भागली वाटतं." गल्ली खो खो हसली.

ताई हसली नाही. "ज्योत का विझते हे ठाऊक होतं तुम्हाला?"

महाराजांनी खाली पाहिलं. "जुन्या विहिरीत, टाक्यात विझते, एवढं ठाऊक होतं."

"आणि उद्या माझ्या भावाला बिनदोराचं त्यात उतरवणार होतात."

आपला दिवा तसाच खाली सोडून महाराज चपला शोधू लागले. या वेळी त्यांना वाट करून द्यायला कोणी हललं नाही. अंग चोरत, धक्के खात ते बाहेर पडले.

ताई सगळ्यांकडे वळली. "जुन्या घरात खोदलं की काहीही निघतं. टाकं, विहीर, भुयार. त्यात उतरू नका आणि दिवा सोडून परीक्षाही बघू नका, कुठे कुठे पेट घेणारा वायूही असतो. जाणकाराला बोलवा. सकाळपासून तो दिवा आपल्याला ओरडून सांगत होता की खाली श्वास घेता येणार नाही. आपण सगळे त्याला हात जोडत बसलो. एकाने तरी विचारायचं होतं, की का विझतोय?"

"मी फसलो नव्हतो, ताई," अंगणातून धाकट्याचा घोगरा आवाज आला. "खूण मी बरोबर ओळखली होती."

"ओळखलीस. पण दिवा तिथेच का विझतो हे विचारलं नाहीस. पुढचं विचारायचा कंटाळा केलास आणि शिडी लावलीस."

धाकटा उठून आत आला, ओट्यावरची छिन्नी उचलून बायकोच्या हातात दिली आणि म्हणाला, "ही ठेवून दे कुठेतरी. आणि एखाद्या जाणकार मिस्त्रीचा नंबर दे."