हेल्मेटातला माग

माझा मुलगा सिद्धू गाढव आहे. हे मी त्याच्या तोंडावर म्हणतो, म्हणून इथेही म्हणायला मला संकोच नाही. वय बत्तीस, रेल्वेत असिस्टंट लोको पायलट, होटगीवरून मालगाड्या नेतो. माझ्या वडिलांचा जन्म मागावर गेला, मी एकतीस वर्षं यंत्रमागावर टॉवेल काढले आणि त्या खडखडाटात दोन्ही कान घालवून बसलो. आमच्या घरात मागावरून सुटून इंजिनात चढलेला हा पहिलाच. आणि ते इंजिन हातचं घालवायचा उद्योग त्यानं मोटारसायकलवर बसून चालवला होता.

मोटारसायकल लांबच्या प्रवासाची, म्हशीएवढी थोराड. सुट्टी मिळाली की हा हंपीला, नाहीतर गोव्याला. परत आला की वाऱ्याच्या नावानं शिमगा. ऐंशीच्या पुढं वारा छातीवर बसतो म्हणून त्यानं समोर उंच काच बसवली. छाती सुटली, पण काचेच्या कडेवरून उसळलेला वारा आता थेट हेल्मेटवर आदळायला लागला. डोकं असं हलायचं की म्हणे रस्त्यावरची पांढरी पट्टी दोन दोन दिसायची. मग काच वर, काच खाली, काच मागं कलती. दर सुट्टीला विडी घरकुल वसाहतीतल्या आमच्या दारात पाने-पकडी पसरलेल्या आणि माझी सून श्रावणी त्यांतून पाय उचलत पाणी भरतेय.

शेवटी त्यानं काचेवर सुताचे तुकडे चिकटवले, वारा कुठून कुठं जातो ते बघायला. सूत माझ्याच पेटीतलं, न विचारता घेतलेलं. श्रावणीनं मागं बसून मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि घरी आल्यावर मला दाखवला. मी दोनदा पाहिला.

"गाढवा, खालचं सूत बघ की," मी म्हटलं. "काचेमागं खालनं वारा शिरतच न्हाय, म्हणून वरचा उलटा फिरून तुझ्या टाळक्यात बसतोय. खाली दोन बोटं फट ठेव."

"तुमी कधी गाडी चालवलीय का?"

"सूत चालवलंय की."

तोंड वाकडं करून का होईना, त्यानं काचेखाली जाड वॉशर घातले आणि फट ठेवली. डोकं हलायचं थांबलं. त्याबद्दल मला एका शब्दानं काही म्हणाला नाही, ते असो. पण डोकं हलत नाही म्हटल्यावर हा पठ्ठ्या ऐंशीवरून एकशेदहावर गेला, आणि दोन तासांची रपेट सहा तासांची झाली. ती फट मी सुचवली होती. आठवलं की स्वतःच्याच दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात.

यात काय घात झालाय हे मला उमगलं ते मंगळवेढ्याला जाताना. नात्यातलं लग्न होतं, एसटी चुकली, नाइलाजानं त्याच्या मागं बसलो. कानातलं मशीन काढून खिशात ठेवलं आणि त्याचं जुनं हेल्मेट घातलं. कामती गाव मागं पडलं तशी त्यानं गाडी सोडली. मशीन नसलं की मला शेजारी फटाका फुटलेला कळत नाही. तरीही तो आवाज आला. कानानं नाही, जबड्यानं आणि दातांनी. सलग, एका सुरात, दम न घेता. चाळीस माग एकदम चालू असलेल्या शेडमध्ये मी परत जाऊन उभा राहिलो होतो.

उतरल्या उतरल्या मशीन कानात घालून मी त्याला धरलं. "सिद्धू, कानात बोळे घालून चालवत जा. मेडिकलमध्ये मऊ फोमचे मिळतात."

"कशाला? डोकं हलतंय कुटं आता? वारा संपला की, नायना." आमच्यात बापाला नायना म्हणतात.

"हलायचं थांबलं. आवाज थांबला न्हाय. गाडीवरनं उतरल्यावर कानात शीळ वाजती का?"

"वाजती. तासाभरात जाती."

"माझी पण जायची."

"आणि बोळे घातल्यावर मागचा ट्रक कसा ऐकू येणार? इंजिनाचा आवाज बदललेला कसा कळणार? उगं डोकं खाऊ नका."

ऐकून माझी मलाच लाज वाटली. कारखान्यात आबासाहेब म्हणून आमचे जॉबर होते, माग दुरुस्त करणारे. त्यांनी एकदा शेडमधल्या सगळ्यांना कानात घालायला कापूस वाटला होता. मी तो त्यांच्यासमोर फेकला आणि म्हटलं, बोळे घातल्यावर मागाचा आवाज बदललेला कसा कळणार? सगळी शेड हसली होती. तो कापूस आमच्यातल्या एकानंही घातला नाही. पुढं आम्ही शेडमध्ये ओठांवर आलो. आवाज काढायचाच नाही, नुसते ओठ हलवायचे, चार माग पलीकडचा माणूस वाचणार. माझ्यामुळं घरातही तेच सुरू झालं. सिद्धू ते शाळेत जायच्या आधी शिकला.

येत्या मंगळवारी त्याची रेल्वेची वैद्यकीय तपासणी होती. डोळे, कान, सगळं. कानात नापास झाला की इंजिनावरून खाली. मग कुठल्या तरी ऑफिसात फाइली हलवत बसायचं. श्रावणी महिनाभर कुरकुरत होती की हे हल्ली माझ्या बोलण्याकडे लक्षच देत नाहीत. मीही तेच धरून चाललो होतो. आमच्या घरात आता सगळे माझ्यापायी ओरडूनच बोलतात. अशा घरात आणखी एकाचे कान गेले तर कळणार कुणाला?

मी स्वतः जाऊन बोळ्यांचं पाकीट आणलं आणि त्याच्या हेल्मेटात ठेवलं. त्यानं ते आणून माझ्या चहाच्या कपाशेजारी आपटलं.

"तुमी बहिरे झाला म्हणून सगळी दुनिया बहिरी होणार व्हय? लई बघवत न्हाय का माझं?"

घरात आमचं तेलुगू, पण भांडण मराठीत. गल्लीला कळलं पाहिजे ना. त्या दिवशी गल्लीला व्यवस्थित कळलं. मी त्याला नालायक म्हणालो, तो मला जळका म्हणाला, आणि तीन दिवस आम्ही एकमेकांच्या ताटाकडेही पाहिलं नाही.

तपासणीला दोन दिवस राहिले असताना, रविवारी, हा हैदराबाद रोडला गाडी पळवायला गेला. काच आणखी अर्धा इंच वर घेतली होती, ती बघायची होती म्हणे. पाकीट माझ्या कपाशेजारी तसंच पडलेलं. मी दिवसभर दारात बसून राहिलो. राग होताच, पण भीती त्याहून जास्त होती, आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती.

दिवेलागणीला आला. हेल्मेट काढलं, काचेवरच्या मेलेल्या माश्या ओल्या फडक्यानं पुसायला लागला. मी उठून त्याच्या पुढ्यात उभा राहिलो. त्यानं मान वर केली. मी एक हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला. माझा आवाज मला कळत नाही; घसा थरथरला तरच आवाज निघतोय असं समजायचं. घसा गप्प होता. शेडमध्ये बोलायचो तसं, नुसत्या ओठांनी, मी म्हटलं, "बोळे घातले होतेस का?"

"न्हाय घातले!" तो भडकला. "किती येळा तेच?"

मी परत ओठ हलवले. घसा गप्पच. "मंगळवारी नापास होशील."

"व्हऊ दे नापास! तुमाला तेच पायजे! बसा मग पेढे वाटत!"

फडकं त्यानं जमिनीवर फेकलं. श्रावणी हातातलं पातेलं तसंच घेऊन दारात आली. माझी तिच्याकडं पाठ होती, माझे ओठ तिला दिसले नव्हते; मी आता मान वळवली. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, मग इकडंतिकडं पाहिलं.

"अहो, कुणाशी भांडताय?"

"कुणाशी म्हंजे? नायनांशी! ऐकू येत न्हाय का तुला, मघापास्नं काय बोलायलेत ते?"

"मामा काहीच बोलले न्हाईत," श्रावणी म्हणाली. "तुमी एकटेच ओरडताय."

आयुष्यात पहिल्यांदा मी पोराशी भांडण जिंकलो होतो, आणि नेमकं तेच मला हरायचं होतं.

सिद्धूनं तिच्याकडं मान वळवली. "काय?" म्हणाला. डोळे तिच्या ओठांवर होते.

श्रावणीनं पातेलं खाली ठेवलं आणि तेच परत सांगितलं, मोठ्यानं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.