रिकामा खिळा

भूषण स्टुलावर चढून ओट्यावरच्या फळीला शामियान्याचं गुलाबी कापड ठोकत होता आणि त्याचे वडील जयसिंगराव खाली उभे राहून स्टूल धरून होते. स्टुलाचा एक पाय आखूड होता. मुलाचा हा उद्योग त्यांना अजिबात पसंत नव्हता, पण म्हणून त्याला पडू द्यावं असंही नव्हतं.

"झाकतोयस ते झाक," ते म्हणाले. "पण बुधवारी बिल्ला त्या कापडाच्या आड टांगलेलाच राहणार."

"आबा, एक दिन की तो बात है," भूषणनं तोंडात धरलेला बारीक खिळा काढून सांगितलं. "सांसदजी समोर स्टेजवर बसणार. नजर उठवली की सीधी इथंच. काय वाटेल त्यांना?"

"काय वाटायचंय? इथं बसलेत म्हणजे दिल्लीत नाहीत. फळी तेवढंच सांगते."

भूषणनं तो खिळा पुन्हा तोंडात धरला आणि ठोकाठोक सुरू केली.

झाशीतल्या लक्ष्मी ताल या तळ्याकडे जाणाऱ्या त्या गल्लीत फळी आता जुनी झाली होती. जयसिंगराव झाशीच्या रेल्वे वर्कशॉपात हजेरीबाबू होते. सारं वर्कशॉप त्यांना टाइमबाबू म्हणायचं, तेच नाव गल्लीनं उचललं. त्यांच्या काळी फाटकाशी खिळ्यांची एक लांबलचक फळी असे आणि प्रत्येक खिळ्यावर नंबर कोरलेला पितळी बिल्ला. कामावर येणाऱ्यानं आपला बिल्ला स्वतःच्या हातानं काढून घ्यायचा आणि आत जायचं. भोंगा वाजून गेल्यावर जे बिल्ले लोंबत राहिले ते लोक गैरहजर. रिकामा खिळा म्हणजे माणूस कामावर. दुसऱ्याचा बिल्ला काढणं हा तिथला सगळ्यांत मोठा गुन्हा, त्यापायी चांगले चांगले कारागीर घरी बसले होते. निवृत्तीच्या दिवशी जयसिंगरावांनी स्वतःचा बिल्ला हरवला असं लिहून दिलं, दंड भरला आणि तो खिशात घालून घरी आणला. नोकरीतली त्यांची ही एकमेव लबाडी, आणि तिचं त्यांना आजवर वाईट वाटलेलं नव्हतं.

निवृत्तीनंतर दिवस खायला उठला. कुकरच्या शिट्ट्या वेळेवर होत नाहीत हे त्यांनी बायकोला, कमळाबाईंना, इतक्यांदा ऐकवलं की तिनं एक दिवस टीव्ही लावून दिला आणि म्हणाली, बघा काहीतरी. टीव्हीवर लोकसभा चालू होती. जयसिंगराव आपला खासदार शोधू लागले आणि शोधताशोधता त्यांना जन्माचं काम सापडलं. आपण मत दिलं म्हणजे माणूस कामावर लावला, मग तो कामावर येतो की नाही हे कुणीतरी बघायला नको का, असा त्यांचा साधा हिशेब होता. त्यांनी ओट्याच्या भिंतीवर एक फळी मारली, फळीवर एक खिळा मारला आणि खिळ्यावर आपला जुना बिल्ला टांगला. वर खडूनं लिहिलं, सांसदजी.

अधिवेशन चालू असलं की सकाळी आंघोळ आटोपून ते टीव्हीसमोर बसत. खासदार बाकावर दिसले की बाहेर येऊन बिल्ला काढत. दिसले नाहीत तर दुसऱ्या दिवशी सून स्वरदाच्या फोनवर लोकसभेच्या वेबसाइटवरची सहीची हजेरी बघत. सही आहे पण माणूस बाकावर नाही, असंही पुष्कळदा व्हायचं. त्यावर त्यांनी बरेच दिवस विचार केला आणि सही प्रमाण मानली, कारण कमिटीच्या बैठकाही असतात आणि वर्कशॉपातही माणूस कधी दुसऱ्या शेडमध्ये कामाला जायचाच. सुरुवातीला निम्मी गल्ली फळी उलटी वाचायची. बिल्ला दिसला की खासदार हजर असं समजून लोक खूश व्हायचे. जयसिंगराव न कंटाळता सगळ्यांना समजावून सांगायचे. आता तर तालावरच्या देवळात जाणाऱ्या बायकाही येताजाता खिळ्याकडे बघत, आणि दूधवाला सायकल थांबवून विचारी, टाइमबाबू, आज ड्यूटी पे हैं?

भाषणांचं सोपं होतं, ती ऐकता यायची. मतदानाचं मात्र त्यांना कोडं पडायचं. कमळाबाईंनी एकदा विचारलं की आपल्या माणसानं मत कुठल्या बाजूला दिलं. जयसिंगरावांना कबूल करावं लागलं की ते कुणालाच सांगता येणार नाही, सगळे एकदम ओरडतात, वरून अध्यक्ष म्हणतात प्रस्ताव मंजूर, आणि झालं. बटणं दाबून, फलकावर दिवे लावून मोजदाद होते ती क्वचित. कमळाबाई म्हणाल्या, मग आपल्या घरच्यासारखंच आहे की.

भूषणचं टेंट हाउस होतं. लग्नं, बारशी, पुढाऱ्यांच्या सभा, सगळीकडे त्याचेच शामियाने. समोरच्या रिकाम्या जागेत खासदारांच्या निधीतून समाजभवन बांधलं गेलं तेव्हा उद्घाटनाला खुद्द खासदारांना आणण्याचा विडा त्यानं उचलला. पंडितांनी मुहूर्त काढून दिला बुधवारचा. भूषणनं खासदारांच्या कार्यालयात अनेक चकरा मारल्या, तिथल्या पियुष नावाच्या सहायकाला चहा पाजला, आणि शेवटी तारीख मिळवली. गल्लीत त्याची कॉलर ताठ झाली होती. मराठी मंडळींची इथं घरं ती किती, त्यातल्या एकाच्या शब्दावर खासदार येतात ही काही लहान गोष्ट नव्हती.

कापड ठोकून झालं त्याच शनिवारी संध्याकाळी स्वरदा शाळेतून आली. ती मऊरानीपूरला शिक्षिका होती. पहाटे अंधारात निघून बस धरायची आणि परतायला दिवेलागण व्हायची. रेल्वे होती, पण सकाळची गाडी शाळा भरून गेल्यावर पोचायची, म्हणून तिचा उपयोग नव्हता. स्वरदानं चप्पल काढताकाढता फोन सासऱ्यांच्या हाती दिला. बुधवारच्या तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मिळणाऱ्या प्रश्नांची यादी आली होती, त्यात चौथ्या नंबरावर आपल्या खासदारांचं नाव होतं. प्रश्न झाशीहून मऊरानीपूरला पहाटेची गाडी सुरू करण्याबद्दलचा होता.

जयसिंगरावांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. इतक्या वर्षांत खासदारांचं नाव पहिल्या पाचांत, म्हणजे खरोखर पाळी येईल इतकं वर, कधी आलं नव्हतं.

"बुधवारी?" ते म्हणाले.

"हो आबा," स्वरदा म्हणाली. "पण राहू दे. मला बसची आदत झालीय. ह्यांनी किती धावपळ केली आहे."

त्यांनी ते भूषणपासून लपवलं नाही. जेवताना सरळ सांगितलं की मी उद्या खासदारांना भेटून त्यांनी बुधवारी दिल्लीतच थांबावं असं सांगणार आहे. भूषणचा घास हातातच राहिला. त्यानं आईकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, दोघीही ताटात बघत होत्या.

"मी गल्लीला जबान दिलीय," तो म्हणाला. "आबा, जन्मात एकदा मोठं काम केलं मी. तेही तुम्हालाच खटकावं?"

जयसिंगरावांना हे लागलं. मुलगा खोटं बोलत नव्हता. तो लहान असताना शाळेच्या गॅदरिंगला ते कधी गेले नव्हते, कारण भोंग्याची वेळ आणि गॅदरिंगची वेळ एकच पडायची. पण पहाटे शाल गुंडाळून कोपऱ्यावर वळणारी सून ते रोज ओट्यावरून बघत होते, आणि तेही त्यांच्यानं सोडवत नव्हतं.

रविवारी सकाळी कमळाबाईंनी त्यांच्या गळ्यात मफलर घातला. जयसिंगरावांनी फळीवरचं कापड जरा वर करून बिल्ला काढला आणि खिशात टाकला.

खासदारांच्या बंगल्यावर नेहमीसारखी गर्दी होती. पियुषनं त्यांना लगेच ओळखलं, हसून खुर्ची दिली आणि सगळं ऐकून घेतलं. तो मुलगा चांगला होता. त्यानं समजावलं की साहेब नसले तरी लेखी उत्तर पटलावर ठेवलं जातंच, काही बिघडत नाही. जयसिंगराव म्हणाले, ते मला माहीत आहे, पण उपप्रश्न विचारायला माणूस तिथं उभा लागतो. पियुषनं मान खाजवली आणि त्यांना आत नेलं.

खासदार दमलेले दिसत होते. सर्दीनं नाक लाल झालं होतं, समोर काढ्याचा कप होता. सुनेची अंधारातली बस, ओट्यावरून तिला बघत राहणं, सगळं त्यांनी शांतपणे ऐकलं.

"बाबूजी," ते म्हणाले, "उधर बैठूँ तो आपका मोहल्ला नाराज, इधर आऊँ तो आप नाराज. आदमी तो मैं एक ही हूँ."

माणूस बरोबर बोलत होता. बोलावणारे आपणच आणि गैरहजेरी मांडणारेही आपणच. जयसिंगरावांनी खिशात हात घातला आणि बिल्ला हाताला लागताच त्यांना एकदम दुसरंच काहीतरी उमगलं. ज्या गुन्ह्यासाठी वर्कशॉपात माणसं घरी बसवली, तोच गुन्हा आपण इतकी वर्षं रोज सकाळी आंघोळ करून करत होतो.

"हुजूर, एक गलती हमारी है," ते म्हणाले. "टोकन आदमी अपने हाथ से उठाता है. आपका टोकन हम उठाते रहे. अब आप ही रखिए. बुधवार को हमारे यहाँ आना हो, तो स्टेज के सामने खिळा, मतलब कील है. उस पर अपने हाथ से टाँग दीजिएगा. दिल्ली जाना हो तो जेब में रहने दीजिएगा."

खासदारांनी बिल्ला उलटसुलट करून पाहिला. पितळ बोटांनी घासून गुळगुळीत झालं होतं, त्यावरचा नंबरही पुसट होता. किसका नंबर है, त्यांनी विचारलं. जयसिंगराव म्हणाले, हमारा. खासदारांनी तो कुर्त्याच्या खिशात टाकला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

घरी आल्यावर जयसिंगरावांनी भूषणला घडलं ते सगळं सांगितलं. भूषण उठून गोदामावर निघून गेला. सोमवार, मंगळवार बापलेक एका घरात राहून एकमेकांच्या वाटेतून बाजूला होत राहिले. खासदार येणार की नाही हे मंगळवारी रात्रीपर्यंत कुणालाच ठाऊक नव्हतं. स्टेज मात्र उभं राहिलं, आणि फार छान उभं राहिलं. झेंडूच्या माळा, पांढऱ्या खोळीच्या खुर्च्या, दारात लाल फीत. भूषण कामात कधीच कमी पडत नसे.

बुधवारी लोक जमायला लागले तेव्हा पियुषचा फोन आला. साहेब आदल्या संध्याकाळीच दिल्लीला गेले होते. भूषणनं फोन खिशात ठेवला, ओट्यावरच्या त्या लंगड्या स्टुलावर बसला आणि समोरच्या आपल्या स्टेजकडे बघत राहिला.

आत टीव्हीवर तिसरा प्रश्न संपत आला होता. मग नाव पुकारलं गेलं. खासदार उठून उभे राहिले, खोकले, प्रश्नाचा नंबर म्हणाले. मंत्र्यांनी उत्तर दिलं की व्यवहार्यता तपासून बघू. जयसिंगराव खुर्चीच्या कडेवर आले. खासदार पुन्हा उभे राहिले. कागद त्यांच्या हातात होता, पण ते कागदात बघत नव्हते.

"अध्यक्ष महोदय, हमारी मास्टरनियाँ, हमारी नर्सें अँधेरे में मऊरानीपुर की बस पकड़ती हैं," ते म्हणाले. "घर के बुजुर्ग ओटले पर खड़े होकर देखते रहते हैं. मंत्रीजी ये बताएँ, जाँच कब तक होगी."

मंत्र्यांनी लवकरच असं सांगितलं. एवढंच झालं, आणि पाचवा प्रश्न सुरू झाला. मागं काहीतरी हललं म्हणून जयसिंगरावांनी वळून पाहिलं. भूषण दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"मऊरानीपूरचं नाव घेतलं ना त्यांनी?" त्यानं विचारलं.

"घेतलं."

"स्वरदा आत्ता वर्गात असेल," तो म्हणाला. मग आईकडे वळला. "आई, साडी बदल. फीत तू काप."

कमळाबाईंनी आढेवेढे घेतले, पण फार नाही. फडताळातून लग्नकार्यात नेसायची जांभळी साडी काढली आणि कात्री नीट चालते ना ते आधी दोऱ्यावर बघून घेतलं. टाळ्या पडल्या, लाडू वाटले गेले. लोकांची थोडी निराशा झाली होती, पण लाडू चांगले होते. गर्दी पांगल्यावर भूषणनं स्टूल ओढलं आणि फळीवरचं गुलाबी कापड उतरवलं. जयसिंगरावांनी न सांगता येऊन स्टूल धरलं. दूधवाल्यानं सायकल थांबवली आणि टोकन कुठं गेलं म्हणून विचारलं. "ड्यूटी पे," भूषणच म्हणाला.

अधिवेशन संपलं तरी बिल्ला परत आला नाही. कदाचित कुर्त्याबरोबर धोब्याकडे गेला असेल, कदाचित कुठल्या खणात पडला असेल. कमळाबाई म्हणाल्या, मागून घ्या की, तुमच्या अख्ख्या नोकरीची एवढीच तर वस्तू होती. जयसिंगराव म्हणाले, कामावरच्या माणसाकडून बिल्ला मागायचा नसतो. त्यांना त्याची आठवण मात्र फार यायची. सकाळी हात आपोआप फळीकडे जायचा.

गाडी अजून सुरू झालेली नव्हती. पौषातल्या एका धुक्याच्या पहाटे स्वरदा शाल गुंडाळून बाहेर पडली, तर ते नेहमीसारखे ओट्यावर उभे होते. आबा, थंडी आहे, आत व्हा, ती म्हणाली. ते हो म्हणाले आणि ती कोपऱ्यावर वळेपर्यंत तिथंच थांबले. मग त्यांनी फळीवरून हात फिरवला. बिल्ला झुलूनझुलून लाकडावर एक गोल चरा पडला होता, तो बोटाला लागला. वर खिळा गार होता आणि रिकामा होता. ते समाधानानं आत गेले.